समाधीचं मीठ

माझं आडनाव बँकेच्या पासबुकापुरतं आणि घरच्या लग्नपत्रिकांपुरतं राहिलं. बाकी जळगावात मी मीठवाला नाना. वडील असोद्याहून रोज सायकलने यायचे आणि मालधक्क्याजवळच्या गोदामात कच्छचं जाडं मीठ उतरवून घ्यायचे. पुढे जन्मभर तेच मी केलं. आता पुतण्या बघतो. मी सकाळी जाऊन बसतो, कुणी विचारलं तर चार गोष्टी सांगतो. न विचारता सांगायला लागलो की पुतण्या मोबाइल काढतो.

लोकांना वाटतं, मिठात समजण्यासारखं काय असतं? पिशवी फोडायची, बरणीत ओतायची. पण पिशवीतलं ते बारीक, धुतलेलं, आयोडीन लावलेलं मीठ म्हणजे मिठाचा शहाणा मुलगा. आमच्याकडे असतो तो त्याचा रानातला भाऊ. जाडे, करडे खडे, त्यात थोडी माती, थोडे समुद्राचे इतर क्षार. ते खायला नसतं. ते बर्फाच्या कारखान्यात जातं. तिथल्या टाकीतलं खारं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही, आणि त्यात बुडवलेल्या डब्यांतलं गोडं पाणी मात्र दगड होतं. ते चामड्याच्या व्यापाऱ्याकडे जातं. ओल्या कातडीवर मिठाचा थर दिला की मीठ आतलं पाणी ओढून घेतं, आणि जिथे पाणी नाही तिथे सडणंही नाही. दीपनगरच्या वसाहतीतले एक साहेब दर महिन्याला एक गोणी न्यायचे. घरी जड पाणी मऊ करायचं यंत्र होतं, त्याला धुवायला मिठाचं पाणी लागतं. त्यांच्या शेजारणीला मात्र पक्की खात्री होती की साहेबांच्या घरात काहीतरी बाधा आहे. नाहीतर एवढं मीठ कोण ओवाळतं?

मिठाशी राहायचे काही नियम आहेत. लोखंड त्याच्याजवळ ठेवायचं नाही. आमचं शटर दर काही वर्षांनी खालून कुरतडल्यासारखं व्हायचं, भिंतीवरचं घड्याळ बंद पडायचं, वजनांचे पापुद्रे निघायचे. मीठ जमिनीवर टाकायचं नाही, लाकडी फळ्यांवर टाकायचं. भिंतीला टेकवायचं नाही. टेकवलं तर भिंत ते पिते आणि मग वर्षानुवर्षं पांढरी ओकत राहते. हमालांनी सकाळी हातापायांना खोबरेल लावायचं, भेग असेल तर चिंधी बांधायची, डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, साध्या पाण्याने धूत राहायचं. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगत आलो: कुणी विष घेतलं, कुणाला साप चावला, तर मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढू नका. पोटात गेलेलं जास्त मीठ स्वतःच माणूस मारतं. गाडी काढा आणि दवाखाना गाठा.

मिठाचं सगळ्यात मोठं भय मात्र लोकांना माहीत नसतं. ते त्याच्या वजनाचं. आमचा मुकादम सलीमभाई. आम्ही दोघं जवळजवळ एकाच वयाचे, एकाच गोदामात म्हातारे झालो. तरुणपणी एकदा तो सुट्या मिठाच्या ढिगाला खालून फावडं मारत होता. वरचं मीठ आलं ते आवाज न करता आलं. ओरडायच्या आत तो छातीपर्यंत गाडला गेला. हात आत, तोंड बाहेर. आम्ही खांदे धरून ओढलं, तो तसूभर हलला नाही. शेवटी हातांनी, तगारींनी मीठ उपसलं तेव्हा सुटला. बाहेर आल्यावर त्याने आधी दहाही बोटं हलवून पाहिली. मग म्हणाला, "नाना, आतून ते धरून ठेवतं. बोटबी हलवू देत नाही." तेव्हापासून ढीग वरून उतरवायचा हा आमच्याकडे कायदा झाला.

आणखी एक गिऱ्हाईक असायचं. दुकानात येऊन ते कोपऱ्यात उभं राहायचं, गर्दी सरायची वाट बघायचं आणि खाली बघून म्हणायचं, "थोडं जाडं मीठ द्या." किती, ते सांगता यायचं नाही. आमच्या लक्षात यायचं. तान्ह्या बाळाला मातीत ठेवताना वर मीठ घालतात. ते मीठ वडील कधी काट्यावर घालायचे नाहीत. ओंजळीने भरायचे. मीही तसंच केलं. त्या माणसाशी बोलायचं नाही, एवढंच वडिलांनी शिकवलं होतं.

म्हणून तीन-चार वर्षांपूर्वी सुभाषगिरी दुकानात येऊन कोपऱ्यात उभा राहिला, तेव्हा मला वाटलं तसंच काही असेल. चाळिशीचा माणूस, अंगावर शाळेच्या बसचालकाचा खाकी शर्ट. मी ओंजळ पुढे केली तर म्हणाला, "नाना, ओंजळीने नाही भागणार. दहा-बारा गोण्या लागतील. आणि तुम्ही लागाल."

चोपड्याकडच्या एका खेड्यात राहणारे हे गोसावी. त्यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, समाधी देतात. खड्ड्यात मांडी घालून बसवतात आणि भोवती, अंगावर मीठ भरतात. रस्ता रुंद होत होता आणि त्यांच्या घराण्यातली एक समाधी बरोबर त्याच्या वाटेत येत होती. मोजणीवाल्यांनी सांगितलं होतं, तुमच्या हाताने हलवा, नाहीतर यंत्र येईल. घरच्यांनी वरचा चबुतरा काढला, फरशी उचलली आणि थांबले.

"का?"

"खाली मीठ नाही, नाना. दगड आहे. पहार मारली तर ठणकन वाजते." त्याने आवाज खाली घेतला. "आणि मधोमध मारली तर पोकळ वाजते."

मला नवल वाटलं नाही. मीठ हवेतला ओलावा पितं आणि पुन्हा सुकतं. दर पावसाळ्याला थोडं विरघळायचं, दर हिवाळ्याला एकमेकांना चिकटायचं. गोदामाच्या कोपऱ्यात विसरलेली गोणी दोन वर्षांत शिळा होते. इथे तर विटांनी बांधलेला खड्डा होता, वर फरशी होती. फक्त एक विचार मनात आला आणि तो मला आवडला नाही. मीठ ज्याच्याभोवती दगड झालं, ते आत सावकाश आटत गेलं असेल, तर त्या दगडाच्या आत त्याची जागा शिल्लक असणार.

"कुणाची समाधी?" मी विचारलं.

"माझ्या चुलत आजोबांची. भैरवगिरी. लग्नाआधीच गेले. मण्यार चावली होती." मग खाली बघत म्हणाला, "त्यांची बहीण आहे अजून. जनाक्का. ती म्हणते, पहार लावाल तर आधी माझ्यावर लावा. तिथून उठतच नाही. म्हणून म्हटलं, मीठ न फोडता काढता येतं का, ते विचारावं."

काढता येतं. मी सलीमभाईला फोन केला. तो म्हणाला, "कबर खोलायची? माझं मन नाही, नाना." तासाभराने त्याचाच फोन आला, की तू एकटा जाऊ नकोस.

आम्ही गोण्या घेऊन सकाळी पोचलो. उन्हाळा संपत आला होता, सातपुड्याकडून गरम वारा येत होता. रस्त्याच्या कडेला एक जुना निंब, त्याखाली बाज, बाजेवर जनाक्का. बारीक, काटक म्हातारी. लुगड्याचा पदर घट्ट गुंडाळलेला. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. ती खड्ड्याकडे बघत होती.

खड्ड्यात उतरून मी मिठावर हात ठेवला. बाहेर लाही लाही होत असताना ते गार होतं. थोडं पिवळसर, वरून काचेसारखं. बोटांनी टकटक केलं. कडेला भरीव, मध्ये पोकळ. पोकळीची कड हाताने शोधत गेलो आणि सलीमभाई वरून कोळशाने खुणा करत गेला. खुणा झाल्यावर त्याने पाहिलं आणि तो मागे सरला. मिठावर एका बसलेल्या माणसाच्या खांद्यांचा आकार उमटला होता.

मीठ कापायला लोखंड लागत नाही. कोमट पाणी लागतं आणि धीर लागतो. चहाच्या किटलीने रेषेवर पाण्याची बारीक धार सोडायची, पाणी खार खाऊन जड झालं की फडक्याने टिपायचं, पुन्हा ताजं पाणी. ते टिपलं नाही तर काही उपयोग नाही, कारण मिठाने पोट भरलेलं पाणी आणखी मीठ खात नाही. रेषा खोल झाली की तीत ओली सुतळी घालून करवतीसारखी ओढायची. आम्ही समोरची बाजू कापायची ठरवली, म्हणजे आतलं जे असेल त्याला धक्का लागणार नाही. सुभाषगिरी पाणी तापवून देत होता. दुपार होईतो हेच चाललं.

सुतळी आत गेली तेव्हा आतून हवा आली. वास नव्हता. एवढंच, की इतका वेळ वारा बाहेरून येत होता, तो एक क्षण आतून आला. सलीमभाईने कलमा म्हटला. सुभाषने शंकराचं नाव घेतलं.

समोरची शिळा आम्ही दोरांनी वर घेतली. आतल्या तळाशी हाडं होती, अगदी नीट, एका ढिगात, वर भगव्या कापडाची भुकटी. बाकी काही नाही. सुभाषने ती एकेक करून नव्या कापडात घेतली. ते त्याचं काम होतं, आम्ही तोंड फिरवून उभे राहिलो.

आणि तोंड फिरवल्यावर आम्हाला ती शिळा दिसली.

ती वर काढताना आतली बाजू बाहेर करून, एका गोणीला टेकवून ठेवली होती. उन्हात मीठ आतून उजळलं होतं. त्यावर छाती, मानेचा खळगा आणि तोंड उमटलं होतं. कपाळ, नाक, हनुवटी. नाकडोळे बारीक नव्हते, जाड्या मिठात ते येतही नाहीत. पण माणसाचं तोंड होतं. आत गेलेलं तोंड, जसं साच्यात असतं. आणि तरी ते आत गेलेलं दिसत नव्हतं, बाहेर आल्यासारखं दिसत होतं.

"नाना," सलीमभाई हळूच म्हणाला, "तो बघतोय माझ्याकडे."

तो दोन पावलं बाजूला गेला. "इथूनबी बघतोय."

"माझ्याकडे पण," सुभाष म्हणाला. तो दुसऱ्या टोकाला होता. हाडांचं गाठोडं त्याने छातीशी धरलं होतं. दोर ओढायला आलेला ट्रॅक्टरवाला तर सरळ ट्रॅक्टरवर जाऊन बसला.

मग बाज वाजली. जनाक्का उठून आली होती. ती शिळेसमोर उकिडवी बसली. "मन्हाकडे देखी राहिना," ती म्हणाली. "इतला वरीस मीठना आड बसीसन मन्हाकडेच देखी राहिना तो."

मी तिच्याशेजारी बसलो. "अक्का, हे साच्यासारखं आहे. गणपतीचा साचा पाहिला आहेस ना? आत गेलेलं तोंड उन्हात असं बाहेर आल्यासारखं दिसतं. आणि बघणारा हलला की तेही वळल्यासारखं वाटतं. म्हणून तो प्रत्येकाला आपल्याकडेच बघतोय असं वाटतंय."

तिने ऐकलं की नाही, कोण जाणे. ती म्हणाली, "भाऊ, तू मीठवाला शे ना? मंग माले एक सांग. तो जिता व्हता का रे?"

सुभाष म्हणाला, "आजी, पुन्हा नको ते."

"तू चूप ऱ्हाय," ती म्हणाली. मग तिने सांगितलं, आणि सांगताना नजर त्या तोंडावरून हलवली नाही.

भाऊ खळ्यात झोपला होता. मण्यार चावल्याचं कळलंसुद्धा नाही. पहाटेआधी उठून म्हणाला, पापण्या जड झाल्यात, उघडत नाहीत. जना तेव्हा न्हाती-धुती झालेली, लग्न ठरलेली पोर. भगत आला. त्याने सांगितलं, जिभेवर मीठ ठेवा, खारट लागलं तर विष नाही. मीठ तिने ठेवलं. भाऊ म्हणाला, "काहीच लागत नही." मग त्याची जीभ जड झाली, मग मान पडली, मग श्वास दिसेनासा झाला. कोंबडं आरवायच्या सुमाराला सगळे म्हणाले, गेला. दुपारी त्याला बसवला. मीठ भरलं. गळ्यापर्यंत आलं, डोक्यावरून गेलं. बायका मागे सरल्या, ही कडेला उभी राहिली.

"आनि मीठ हालनं, भाऊ. मी मन्हा डोयाघाई देखं. वरतीन बारीक खड्डा पडना, मंग दुसरा. सुर्र आवाज उना. मी आरोळी मारी, तो हाली राहिना, काढा त्याले! बठ्ठा लोके म्हनेत, पोर भ्रमिष्ट व्हयनी. माले धरीसन घर लई ग्यात."

तिचं लग्न झालं नाही. पोर भ्रमिष्ट आहे, हे गावोगाव पसरलं होतं. तिने तेव्हापासून मीठ खाल्लं नाही. भाकरीत नाही, भाजीत नाही. पुढे पुढे तिने मनाला समजावलंही होतं, की आपलंच चुकलं असेल. पण अलीकडे गावच्या शाळेत सापांची माहिती द्यायला कुणी आलं, ही मागे जाऊन बसली. त्या माणसाने सांगितलं, मण्यार चावलेला माणूस मेल्यासारखा दिसतो, हलत नाही, बोलत नाही, पण आत जिवंत असू शकतो, त्याला सगळं ऐकू येत असतं, म्हणून धीर सोडू नका, दवाखान्यात न्या. चांगलीच गोष्ट सांगितली होती. लेकरांनी टाळ्या वाजवल्या. ही घरी आली ती त्या दिवसापासून नीट झोपली नाही.

त्या शाळेतल्या माणसाचं काहीच खोटं नव्हतं. आणि सलीमभाई माझ्याकडे बघत होता. त्याला आठवत होतं, मीठ आत कसं धरून ठेवतं ते.

शेवटी मी विचारलं, "अक्का, त्याला खाली बसवला तेव्हा तू जवळ होतीस?"

"व्हतूच ना."

"मांडी कशी घातली?"

ती हातांनी दाखवायला लागली, आणि मला वाटतं इतक्या वर्षांत तिने ती गोष्ट पहिल्यांदाच आठवली. "गुडघा वाकेत नही. काठीमायक ताठ व्हयेल व्हतात. मन्हा बापनी गरम पानीना फडका ठेवात. तेल चोळं. दोन मानसं धरीसन... मोडाना आवाज उना. माय रडनी, की नका दाबू, दुखी त्याले."

"अक्का," मी म्हणालो, "विषाने लुळा पडलेला माणूस लुळाच असतो. त्याचा पाय उचलला तर पडतो, वाकवला तर वाकतो. जो ताठतो तो गेलेला असतो. दुसरा कुणी ताठत नाही. त्याला मिठात बसवलं तेव्हा तो तिथे नव्हता, अक्का. केव्हाच निघून गेला होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसातलं पहिल्यांदाच. "मंग हालनं कोन?"

"मीठ."

"मीठ आपोआप हालस?"

मी म्हटलं, थोड्या वेळाने बघ.

नवा खड्डा त्यांच्या शेताच्या बांधाला खणलेला होता. सुभाषने गाठोडं मध्ये ठेवलं, बेल वाहिला. आम्ही गोण्या फोडल्या. मी अक्काला हाताला धरून अगदी कडेला उभं केलं. सुभाषला ते पटत नव्हतं, पण त्याने वाट दिली. सलीमभाईने पहिली गोणी ओतली, मग दुसरी. पांढरं वर चढत गेलं. गाठोडं दिसेनासं झालं. मग मी सगळ्यांना थांबायला सांगितलं.

काहीच झालं नाही. वारा पडला होता. मला क्षणभर भीती वाटली, की आज नेमकं ते हलणार नाही आणि ही म्हातारी ज्या प्रश्नात म्हातारी झाली त्यातच मरेल.

मग मधोमध एक बारीक खळगा पडला. कुणीतरी आतून तोंडाने ओढून घ्यावं तसा. सुर्र असा आवाज झाला. शेजारी दुसरा पडला. कडेचे खडे घरंगळत त्यात गेले. सुभाष मागे झाला. मला जन्मभराची सवय, तरी माझ्याही मानेवर काटा आला. जाड्या खड्यांमध्ये जागा असते, आणि खाली कापड असेल, हाडं असतील, तिथे जास्त असते. मीठ ती शोधत खाली बसतं. दुकानातल्या भरल्या गोणीचं तोंडसुद्धा रात्रीत चार बोटं खाली जातं. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि समाधीच्या कडेला उभं राहून बघणं वेगळं.

"तेव्हा असंच?" मी विचारलं.

जनाक्का किती तरी वेळ बघत राहिली. खळगे थांबेपर्यंत. "आसंच," ती म्हणाली. "आसाच आवाज व्हता." मग खाली वाकून तिने त्या मिठावरून हात फिरवला, लेकराचं डोकं थोपटावं तसा. "बस रे भाऊ. बस आते."

संध्याकाळी त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा. सुभाषची बायको वाढताना ताटाच्या कडेला मीठ वाढत आली. अक्काच्या ताटापाशी ती सवयीने पुढे गेली. अक्काने तिचा हात धरून तिला थांबवलं. चिमूटभर मीठ स्वतः घेतलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून बसली. तिचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. "खारं शे," ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी हसली. सलीमभाई उठून बाहेर गेला. तंबाखू मळायला गेलो होतो, असं तो नंतर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती शिळा आणि बाकीचं जुनं मीठ त्यांनी तापीत सोडलं. रस्ता झाला. निंब मात्र वाचला नाही.

गेल्या उन्हाळ्यात जनाक्का गेली, झोपेत. तिला भावाच्या शेजारी बसवलं. मीठ आमच्याच गोदामातून गेलं आणि मी स्वतः घेऊन गेलो. ती असेपर्यंत ही हकीकत मी कुठे बोललो नव्हतो. आता लिहायला हरकत नाही, आणि लिहायचीच तर एक गोष्ट ठेवून देण्यात अर्थ नाही.

साच्याचं जे मी तेव्हा सांगितलं ते खरं आहे. कुणीही कुंभारवाड्यात जाऊन बघावं. सलीमभाई हलला, त्याला तोंड वळलेलं दिसलं. सुभाषला दिसलं. बघणारा हलतो म्हणून ते वळतं, एवढंच त्यातलं गुपित. अक्काने सगळं सांगून झाल्यावर सुभाष आणि सलीमभाई बाकीच्या गोण्या उतरवायला गेले, आणि मी एकटाच किटली पायाशी ठेवून त्या शिळेसमोर गोणीवर टेकलो होतो. दमलो होतो, मांड्या भरून आल्या होत्या, मी जागचा हललो नाही. अक्का उठली, माझ्या मागून निंबाला वळसा घालून पाण्याच्या माठाकडे गेली. तिच्या पायांतल्या वाळ्यांचा आवाज मला डावीकडून उजवीकडे जाताना ऐकू येत होता.

ते तोंड त्या आवाजामागे डावीकडून उजवीकडे वळत गेलं.